पितृच्छायेतील रथींद्रनाथ
रवींद्रनाथ ठाकुरांचे नाव सर्वांच्या मुखी आहे. त्यांचे ज्येष्ठ पुत्र रथींद्रनाथ मात्र विस्मृतप्राय झाले. त्यांचा जन्म १८८८ चा. चौदाव्या वर्षाच्या सुमारास मातृवियोग घडला. १९०६ मध्ये पित्याच्या इच्छेने ते कृषिविद्या शिकण्यास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गेले. स्वभाव मूळचा लाजाळू. तरी नानादेशीय विद्यार्थ्यांनी स्नेहाने एकत्र यावे म्हणून तेथे निघालेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबाच्या उभारणीत त्यांचा हात होता. १९०९ साली परतून त्यांनी शिलाईदह येथे शेतीचे प्रयोग आरंभिले, माती तपासण्याची प्रयोगशाळा मांडली. हे त्यांचे स्वतःचे क्षेत्र. परंतु पित्याने शांतिनिकेतनास बोलाविले, आणि हातचे काम टाकून ते गेले.

१९१२ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत इंग्रजी गीतांजलीच्या हस्तलिखिताची पेटी त्यांच्या हातून राहिली. हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत ती सापडली खरी. पण तोवर त्या भिडस्त पुत्राच्या जिवाची काय अवस्था झाली असेल!

पुढे विश्वभारतीचे हिशेब, इमारती आणि द्रव्याची विवंचना यांतच त्यांची वर्षे सरली. लाकूडकाम, चामड्यावरील नक्षी आणि बाग, हाच काय तो विसावा. अश्वघोषाचे बुद्धचरितही त्यांनी बंगालीत आणिले, हे थोड्यांस ठाऊक.

१९५१ मध्ये विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाली तेव्हा ते पहिले उपाचार्य झाले. १९५३ मध्ये पद सोडून डेहराडूनला गेले. १९६१ च्या मे महिन्यात पित्याची जन्मशताब्दी साजरी झाली. ३ जून रोजी डेहराडूनलाच रथींद्रनाथांनी देह ठेविला.