आल्ब्रेख्ट कोसेल

जर्मनीच्या उत्तरेस बाल्टिक समुद्राच्या काठी रोस्टॉक नावाचे एक जुने बंदर आहे. तेथे १६ सप्टेंबर १८५३ रोजी आल्ब्रेख्ट कोसेल याचा जन्म झाला. त्याचे वडील व्यापारी असून प्रशियाच्या सरकारचे वाणिज्यदूत म्हणूनही काम पाहत. मुलाचा ओढा मात्र व्यापाराकडे नव्हता. त्याला वनस्पतींची आणि रसायनशास्त्राची गोडी लागली होती. वनस्पतिशास्त्र शिकून मुलाचा चरितार्थ चालेल, असा भरवसा वडिलांना वाटेना. अखेर तडजोड झाली. आल्ब्रेख्टने वैद्यकाचा अभ्यास करावा असे ठरले आणि १८७२ मध्ये तो स्ट्रासबुर्ग येथील विद्यापीठात दाखल झाला. ते शहर आज फ्रान्समध्ये आहे. त्या वेळी ते जर्मनीच्या ताब्यात होते.

तेथे त्याला होप-झायलर हे गुरू लाभले. सजीवांच्या शरीरात चालणाऱ्या रासायनिक क्रियांचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. रक्तातील तांबड्या द्रव्याला हिमोग्लोबिन हे नाव त्यांनीच दिले. पुराव्याच्या बाबतीत ते अत्यंत काटेकोर असत. १८६९ मध्ये मीशर नावाच्या त्यांच्या एका तरुण स्विस विद्यार्थ्याने शस्त्रक्रियेनंतरच्या टाकाऊ पट्ट्यांवरील पू धुऊन त्यातून एक नवे द्रव्य वेगळे काढले. पेशीच्या केंद्रकात सापडले म्हणून त्याने त्यास ‘न्यूक्लीन’ म्हटले. परंतु होप-झायलर यांनी ते सारे प्रयोग स्वतः करून पाहिल्याखेरीज निबंध छापण्यास संमती दिली नाही. बिचाऱ्या मीशरला दोन वर्षे थांबावे लागले! अशा गुरूच्या हाताखाली कोसेल तयार झाले. १८७७ मध्ये वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण होताच रोग्यांची नाडी पाहण्याऐवजी ते गुरूंच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाले.

आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. फणसाच्या गऱ्यात आठळी असावी त्याप्रमाणे बहुतेक पेशींच्या आत एक केंद्रक असते. सूक्ष्मदर्शकातून ते दिसत असे. पण ते कशाचे बनले आहे आणि त्याचे कार्य काय, हे कोणासही ठाऊक नव्हते. न्यूक्लीन म्हणजे शरीराने अडीअडचणीसाठी साठवून ठेवलेले अन्न असावे, अशी एक शंका होती. कोसेल यांनी उपाशी ठेवलेल्या आणि पोटभर खाल्लेल्या प्राण्यांतील न्यूक्लीनची तुलना केली. उपासाने ते खर्ची पडत नाही, असे त्यांना आढळले. उलट, झपाट्याने वाढणाऱ्या कोवळ्या गर्भात त्याचे प्रमाण अधिक होते. यावरून हे द्रव्य शिदोरीसाठी नसून नवे शरीर घडविण्याच्या कामाशी निगडित असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

१८८३ मध्ये बर्लिन येथील शरीरक्रियाशास्त्र संस्थेत रसायन विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. पुढच्याच वर्षी त्यांनी जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यासाठी त्यांनी हंसक पक्ष्याचे रक्त निवडले. ही निवड सहज केलेली नव्हती. मनुष्याच्या पक्व तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसते. पक्ष्यांच्या रक्तपेशींत ते असते. त्या पेशींतून केंद्रके वेगळी करून कोसेल यांनी ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवली. तेव्हा केंद्रकातील एक प्रथिन आम्लात विरघळून बाहेर आले. हे प्रथिन अल्कधर्मी होते आणि केंद्रकातील आम्लाला जणू बिलगून राहत असे. कोसेल यांनी त्याला ‘हिस्टोन’ असे नाव दिले.

त्यानंतरची कित्येक वर्षे त्यांनी त्या केंद्रकाम्लाचे घटक शोधण्यात घालविली. १८८५ मध्ये बैलाच्या स्वादुपिंडातून त्यांना अॅडेनिन मिळाले. ग्वानिन हे द्रव्य समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेपासून केलेल्या खतात पूर्वीच सापडले होते. ते केंद्रकातही आहे, हे त्यांनी दाखविले. पुढे वासराच्या थायमस ग्रंथीतून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने थायमिन आणि सायटोसिन वेगळे केले. पाचवा घटक युरॅसिल होय. तो १९०० मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत एका इटालियन सहकाऱ्यास मिळाला. आनुवंशिकतेची सारी अक्षरे यांतच आहेत, हे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. मध्यंतरी १८८८ मध्ये त्यांनी चहाच्या पानांतून थिओफिलिन हे द्रव्य शोधले. दम्याच्या रोग्यांना पुढे त्याचा मोठा उपयोग झाला.

१८९५ मध्ये ते मारबुर्ग येथे प्राध्यापक झाले आणि १९०१ मध्ये हायडेलबर्गला गेले. हिस्टोनसारखीच, पण अधिक साधी प्रथिने माशांच्या शुक्रपेशींत असतात. यास्तव हेरिंग, स्टर्जन अशा माशांवर त्यांचे प्रयोग सुरू झाले. त्यांतून १८९६ मध्ये त्यांना हिस्टिडिन हे अमिनो आम्ल मिळाले. शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकरे म्हणतात. १९०४ मध्ये डेकिन या इंग्रज सहकाऱ्यासमवेत त्यांनी यकृतातील आर्जिनेज हे विकर शोधून काढले. १९१० मध्ये त्यांना शरीरक्रियाशास्त्र व वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या सन्मानानंतरचे दिवस सुखाचे नव्हते. १९१३ मध्ये त्यांची पत्नी लुईझ निवर्तली. पुढच्याच वर्षी महायुद्धाचा भडका उडाला. जर्मनीत अन्नाची भयंकर टंचाई पडली आणि लोकांना शिधा मोजून मिळू लागला. हा शिधा माणसाला पुरेसा आहे, असे कोसेल यांनी जाहीर करावे, अशी सरकारची इच्छा होती. शरीरास किती अन्न लागते हे ज्याला कळते, अशा नोबेलविजेत्याचा शब्द लोकांनी प्रमाण मानला असता. कोसेल राजकारणात पडणारे गृहस्थ नव्हते. स्वभावाने ते अबोल व संकोची होते. परंतु जे खरे नाही ते खरे म्हणून सांगण्यास त्यांनी साफ नकार दिला. युद्धाच्या धामधुमीत सरकारला नाही म्हणणे ही काही सोपी गोष्ट नव्हती.

१९२४ मध्ये ते अध्यापनातून निवृत्त झाले आणि ५ जुलै १९२७ रोजी हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा मुलगा वाल्टर हा तोवर पदार्थविज्ञानात नावारूपास आला होता.

हिस्टोनचे खरे काम मात्र त्यांच्या हयातीत उलगडले नाही. आपल्या एकेका पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा असतो. तो हिस्टोनच्या सूक्ष्म रिळांभोवती गुंडाळलेला असतो, हे १९७४ च्या सुमारास स्पष्ट झाले. त्यापूर्वी १९६४ मध्येच न्यूयॉर्क येथील ऑलफ्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट मांडली होती. हिस्टोनवर लहान लहान रासायनिक खुणा चढतात, आणि त्यांमुळे धाग्यावरील सूचना वाचल्या जाव्यात की नाही हे ठरत असावे, असे त्यांचे म्हणणे होते. या खुणा चढविणारी आणि पुसणारी निरनिराळी विकरे असतात. १९९६ मध्ये त्यांपैकी काही प्रथमच ओळखता आली. या कामात बिघाड झाला तर काही प्रकारचे कर्करोग उद्भवतात. म्हणून खुणा पुसणाऱ्या विकरांना आवर घालणारी औषधेही तयार झाली आहेत.

अभ्यासासाठी ही मानवी विकरे पुरेशी मिळावीत कशी? माणसाच्या शरीरातून ती काढणे अवघड असते. म्हणून शास्त्रज्ञ त्या विकराची सूचना असलेले मानवी जनुक जिवाणूंच्या किंवा कीटकांच्या पेशींत घालतात. त्या पेशी मग आपल्या प्रथिनांबरोबर ते मानवी विकरही घडवितात. ते शुद्ध करून कुपीत भरतात आणि अतिशीत ठेवून प्रयोगशाळांकडे पाठवितात. तेथे ते हिस्टोनबरोबर मिसळून त्याचे कार्य पाहतात. त्यासाठी लागणारे हिस्टोन पुष्कळदा कोंबडीच्या रक्तपेशींतून काढलेले असते, आणि ते विरघळवून घेण्यासाठी अजूनही सौम्य आम्लच वापरतात.