हाफबॅक वॉल्टर टल

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघात मी हाफबॅकला खेळतो. गोल करणाऱ्याला मुले खांद्यावर घेऊन नाचतात. चेंडू अडवणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी कुणाच्या ध्यानातही राहत नाही. म्हणूनच वॉल्टर टल या इंग्लिश हाफबॅकची जीवनकथा मला विशेष जवळची वाटली.

वॉल्टरचा जन्म २८ एप्रिल १८८८ रोजी इंग्लंडमधील फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील बार्बाडोस बेटावरून आलेले कृष्णवर्णीय सुतार, तर आई गोरी. १८९५ साली आई वारली, १८९७ साली वडीलही गेले. सावत्र आईला एवढी मुले पोसणे झेपेना. वॉल्टर व त्याचा थोरला भाऊ एडवर्ड यांची रवानगी लंडनच्या अनाथाश्रमात झाली. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबाने दत्तक घेतले व तो दंतवैद्य झाला. वॉल्टर मात्र आश्रमातच राहिला आणि छापखान्याचे काम शिकला.

फुटबॉलचा नाद त्याला आश्रमातच लागला. १९०९ साली क्लॅप्टन या हौशी संघातून तो टॉटनहॅम हॉटस्पर या नामांकित संघात गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रिस्टलच्या मैदानावर काही प्रेक्षकांनी त्याच्या वर्णावरून गलिच्छ शिवीगाळ केली. वॉल्टर शांतपणे खेळत राहिला. परंतु नंतर त्याला मुख्य संघात क्वचितच स्थान मिळाले. त्या संघाकडून त्याचे लीगचे सामने झाले अवघे दहा!

हे वाचताना मला माझे पहिले वर्ष आठवले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या गावाकडच्या बोलीला वर्ग हसला, तेव्हा गाठोडे बांधून घरी परतावे असे मनात आले होते.

वॉल्टर परतला नाही. त्याला परतायला घरच नव्हते. १९११ साली तो सदर्न लीगमधील नॉर्दम्प्टन टाऊन या लहान संघात आला. तेथील व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांना माणसाची पारख होती. आघाडीला खेळणारा वॉल्टर येथे हाफबॅक म्हणून नावारूपाला आला व शंभराहून अधिक सामने खेळला.

१९१४ च्या डिसेंबरात तो फुटबॉलपटूंच्या पलटणीत भरती झाला. कृष्णवर्णीयाच्या हाती सैन्याची हुकमत देऊ नये, असा तेव्हाचा लष्करी नियम होता. तरीही मे १९१७ मध्ये त्याला सेकंड लेफ्टनंट करण्यात आले. इटलीत पियावे नदीच्या आघाडीवर त्याने आपली तुकडी शत्रूच्या बाजूला नेली आणि एकही माणूस न गमावता परत आणली.

२५ मार्च १९१८ रोजी फ्रान्समध्ये फाव्रय गावाजवळ गोळी लागून तो पडला. वय अवघे एकोणतीस. गोळीबार चालू असतानाही त्याच्या शिपायांनी त्याला उचलून आणण्याची धडपड केली; त्यांत लेस्टरच्या संघाचा एक जुना गोलरक्षकही होता. प्रयत्न व्यर्थ गेले. त्याचा देह कधीच सापडला नाही. अरासच्या युद्धस्मारकावर त्याचे नाव कोरलेले आहे, आणि १९९९ साली नॉर्दम्प्टनच्या क्रीडांगणालगतही त्याचे स्मारक उभे राहिले.

ज्याला हुकमत देऊ नये असे नियम सांगत होता, त्याच्यासाठी गोरे शिपाई गोळ्यांत शिरले. माणसाची खरी योग्यता याहून निराळ्या रीतीने सिद्ध व्हायची ती कशी? आता मैदानावर टाळी मिळाली नाही तरी मला वाईट वाटत नाही. आपली जागा सोडायची नाही, एवढे मी वॉल्टरकडून शिकलो.