सेवेच्या वाटेवरची दुर्बीण

मैत्रिणींनो, समाजकार्य करणाऱ्या बाईला घर कसं सांभाळतेस, हे सगळेच विचारतात. स्वतःसाठी काय करतेस, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच, तर आपणच ओशाळतो. गाणं सुटलं, भटकंती सुटली, याचं मनातल्या मनात थोडं कौतुकही करून घेतो. म्हणूनच आज होरेस अलेक्झांडर यांच्याविषयी लिहावंसं वाटलं. गांधीजींचे इंग्रज स्नेही म्हणून त्यांचं नाव काहीजणींनी ऐकलं असेल. परमुलखातली सेवा आणि पाखरांमागची भटकंती, या दोन्ही गोष्टी त्यांनी जन्मभर सांभाळल्या.

होरेस यांचा जन्म १८८९ मध्ये इंग्लंडमधल्या एका क्वेकर कुटुंबात झाला. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला, युद्धाला विरोध करणारा पंथ. वडील वकील होते आणि चीनला होणाऱ्या अफूच्या व्यापाराविरुद्ध झटत होते. होरेस आणि त्यांचे भाऊ विल्फ्रेड व क्रिस्टोफर, तिघांनाही लहानपणापासून पक्ष्यांचा नाद. काय दिसलं, कुठे दिसलं, सगळं लिहून ठेवायचे. पहिल्या महायुद्धात होरेस यांनी शस्त्र हाती घ्यायला नकार दिला. क्रिस्टोफर मात्र १९१७ मध्ये लढाईत मारले गेले. तिघांतला एक सोबती कायमचा गेला, पण होरेस यांचं पक्षी पाहणं थांबलं नाही.

पुढे बर्मिंगहॅमजवळच्या वुडब्रुक या क्वेकर संस्थेत ते शिकवू लागले. पत्नी ऑलिव्ह आजारपणामुळे चाकाच्या खुर्चीला खिळल्या होत्या. घरात असं दुखणं असलं की काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहेच! तरी १९२७ मध्ये अफूच्या प्रश्नाचा अभ्यास करायला ते हिंदुस्थानात आले आणि १९२८ मध्ये साबरमतीला गांधीजींना भेटले. तिथून एक स्नेह जुळला, तो शेवटपर्यंत टिकला. १९३१ च्या गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजी वुडब्रुकलाही जाऊन आले. त्याच काळात होरेस बर्मिंगहॅममध्ये पक्षीनिरीक्षकांचं मंडळही उभं करत होते.

१९४२ मध्ये ऑलिव्ह गेल्या. त्याच वर्षी होरेस क्वेकरांच्या रुग्णसेवा पथकाबरोबर पुन्हा इथे आले. आधी वर्ध्याजवळ सेवाग्रामला जाऊन गांधीजींना भेटले. मग बंगालमध्ये काम सुरू झालं. ऑक्टोबरमध्ये मिदनापूरला भयंकर चक्रीवादळ झालं आणि पाठोपाठ १९४३ चा दुष्काळ आला. पथकाने त्या संकटात मदतकार्य केलं. ऑगस्ट १९४७ मध्ये कलकत्त्याच्या बेलियाघाट भागात दंगल शमवायला गांधीजी राहिले, तेव्हा होरेसही तिथे होते. फाळणीनंतर पंजाबातल्या निर्वासितांची स्थिती पाहण्याचं काम त्यांच्याकडे आणि रिचर्ड सायमंड्स या तरुण सहकाऱ्याकडे आलं. दोन्ही देशांचा विश्वास असलेली माणसं तेव्हा होती तरी किती!

एवढं दुःख रोज डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने दिल्लीत काय केलं? १९५० मध्ये लेफ्टनंट जनरल हॅरॉल्ड विल्यम्स यांच्या सोबतीने दिल्ली बर्डवॉचिंग सोसायटी सुरू केली! कामाच्या दिवसांत सलोख्याचं काम, सुट्टीच्या सकाळी दुर्बीण घेऊन पाखरांच्या मागे. इंदिरा गांधीही या मंडळाच्या सदस्य झाल्या. याच मंडळातल्या उषा गांगुली यांनी दिल्लीच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिलं, ते १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं. मंडळातलेच पीटर जॅक्सन यांनी दिल्लीजवळच्या सुलतानपूर तलावासाठी पंतप्रधान इंदिराजींना पत्र लिहिलं आणि पुढे तिथे अभयारण्य झालं. सुट्टीतल्या छंदाने किती पाखरांची सोय केली बघा!

मला वाटतं, होरेस यांची दोन्ही कामं मुळात एकच होती. पाखरू बघायचं तर गप्प बसावं लागतं, धीर धरावा लागतो, आपलं मत त्याच्यावर लादता येत नाही. भांडणाऱ्या दोन बाजूंच्या मध्ये बसणाऱ्यालाही हेच लागतं. आणि छावण्यांमधले चेहरे बघून मन जड झालेल्या माणसाला एखादी सकाळ अशीही हवी असते, जिथे त्याच्याकडे कुणी काही मागत नाही.

१९८४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९८९ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण करून, ते अमेरिकेत वारले. सत्तर वर्षांच्या पक्षीनिरीक्षणावर त्यांनी पुस्तकही लिहिलं होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, बचत गट, दवाखाना, सासूबाईंचं पथ्य, मुलांच्या परीक्षा, हे सगळं चालूच राहणार आहे. त्यातली एक सकाळ आपल्या नावावर लिहून ठेवा. लोकांसाठी दीर्घकाळ काम करायचं असेल, तर ती लागतेच.