माळावर घडलेले कारागीर

दिवाळीच्या सुमारास वडवणी तालुक्यातून ऊसतोडीला निघालेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्या काही सांगली जिल्ह्यात जातात. तिथंच किर्लोस्करवाडी आहे. तिची गोष्ट आपल्या कामाची आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, तर आपल्याला रंगच नीट ओळखता येत नाहीत हे कळलं! मग ते यंत्रांची ड्रॉइंग शिकले, पुढं ती शिकवलीही. नंतर बेळगावात सायकलचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी आधी नांगर घेईनातच.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगानं भरलेला माळ दिला, वर बिनव्याजी कर्जही. १९१० मध्ये तिथं कारखाना उभा राहिला. पण त्या माळावर कुशल कामगार आयते कुठून मिळणार? लक्ष्मणरावांनी आसपासच्या खेड्यांतली माणसं घेतली आणि कामावरच शिकवली. शेतात राबणारे हात ओतकाम करू लागले, यंत्रं चालवू लागले.

१९५६ मध्ये लक्ष्मणराव गेले. पण एक लक्षात घ्या: नुसत्या जिद्दीवर हे झालं नाही. जमीन, भांडवल आणि शिकवणारा, तिन्ही एकत्र आले. आपल्या पोरांच्या हातातला कोयता सुटायचा तर हेच तिन्ही गावात मागावं लागेल. शिकायची तयारी मात्र तुमची हवी!