कुष्ठरोग्यांचे कैवारी : डॉ. भाऊ दाजी लाड

बेळगावाहून आंबोली घाट उतरून सावंतवाडीच्या पुढे गेले, की गोव्याच्या उत्तर टोकास पेडणे तालुका लागतो. त्या तालुक्यातील मांद्रे गावी १८२२ च्या सुमारास रामकृष्ण विठ्ठल लाड या बालकाचा जन्म झाला. हेच पुढे डॉ. भाऊ दाजी लाड या नावाने कीर्तिमान झाले.

घरची स्थिती बेताची होती. वडिलांबरोबर मुंबईस आल्यावर या मुलाचे बुद्धिबळातील नैपुण्य पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्यास इंग्रजी शिक्षण देण्याविषयी वडिलांचे मन वळविले. एल्फिन्स्टन विद्यालयात विद्याभ्यास व काही काळ अध्यापन करून भाऊंनी १८४५ मध्ये निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला आणि तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत मानाचे स्थान मिळविले. लवकरच त्यांचा व्यवसाय भरभराटीस आला. परंतु श्रीमंतांच्या वाड्यांत जाणारा हा वैद्य गोरगरिबांवर विनामूल्य उपचार करी. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचीही या कामी त्यांस साथ होती.

त्या काळी कुष्ठरोग, ज्यास लोक महारोग म्हणत, हा पूर्वजन्मीच्या पापाचे फळ अथवा कुळाचा दोष समजला जाई. अंगावर चट्टा उठला, की माणूस घरास आणि गावास परका होई. भाऊंनी मात्र त्याला पापी न मानता रोगी मानले. त्याच्यासाठी त्यांनी आपल्या सह्याद्रीच्या रानात वाढणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल हाती घेतले. सुश्रुताने तुवरक या नावाने वर्णिलेला वृक्ष तो हाच, असे अभ्यासक मानतात. जुने ज्ञान त्यांनी पाश्चात्त्य वैद्यकाच्या कसोटीस लावून पाहिले आणि अनेक रोग्यांस त्यापासून आराम पडला.

परंतु रोगाचे मूळ कोणते, हे तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. नॉर्वे देशातील बर्गेन नगरात १८७३ मध्ये डॉ. हॅन्सेन यांस रोग्याच्या गाठींत सूक्ष्म दंडाकृती जंतू दिसले. आपल्या त्वचेवर असंख्य जंतू सदैव नांदत असतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी, किंबहुना उपकारकही असतात. हा जंतू मात्र त्वचेत व तिच्या नसांत घर करतो. त्याची वाढ अतिशय मंद. एकाचे दोन होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून रोग प्रकट होण्यास कित्येक वर्षे जातात. त्वचा लाल होणे, सुजणे, नसा दुखावणे हा दाह बऱ्याच अंशी जंतूच्या विषाने नव्हे, तर त्याच्याशी झुंजणाऱ्या शरीराच्या प्रतिकारानेच उत्पन्न होतो. नस बधिर झाली, की चटका वा जखम कळत नाही, आणि अशा दुर्लक्षित जखमांनी हातापायांची बोटे झडतात.

हॅन्सेन यांच्या शोधानंतर अवघ्या वर्षाने, ३१ मे १८७४ रोजी भाऊंचे देहावसान झाले. आपण कोणत्या शत्रूशी लढलो, त्याची पूर्ण ओळख त्यांस पटलीच नाही. कडू कवठाचे तेल हा रामबाण उपाय नव्हता. तरीही त्याच जातीच्या वृक्षांचे तेल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर या रोगावरील प्रमुख औषध होते. पुढे डॅप्सोन आले, आणि १९८० नंतरच्या दशकात अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुरू होऊन रोग समूळ बरा होऊ लागला.

भाऊंची बुद्धी एका क्षेत्रात मावणारी नव्हती. अजिंठ्याचे व गिरनारचे शिलालेख त्यांनी अभ्यासिले, स्त्रीशिक्षणास साहाय्य केले, १८६९ व १८७१ मध्ये मुंबईचे शेरीफपद भूषविले. ज्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीसाठी ते झटले, त्यास १९७५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले.

विद्यार्थिमित्रहो, कुष्ठरोग आज सरकारी दवाखान्यात विनामूल्य औषधाने सहा महिन्यांत वा वर्षभरात बरा होतो, आणि उपचार सुरू होताच त्याचा संसर्ग झपाट्याने ओसरतो. तरीही पुष्कळ लोक अंगावरील बधिर चट्टा लाजेने लपवितात, आणि त्या लपविण्यातच हातपाय गमावतात. जंतूवर औषध सापडले. या लाजेवरचे औषध आपणच व्हावयाचे आहे. औषध अपुरे असतानाही रोग्यास जवळ करणाऱ्या भाऊंचे खरे स्मारक तेच होय.