जोतीरावांची साक्ष आणि शाळांचे उत्तरदायित्व

सरकारी शाळांतील मुलांना नेमके किती येते आणि येत नसेल तर जबाबदार कोणास धरावे, हा प्रश्न दरवर्षी चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध झाले की नव्याने चर्चिला जातो. वस्तुतः तो शंभर वर्षांहून जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांच्या आयुष्याचा मोठा भाग याच प्रश्नाच्या चिंतनात गेला. मुलींच्या शाळेचे संस्थापक म्हणून त्यांचे स्मरण होते. शासनाकडे शिक्षणाचा हिशेब मागणारा नागरिक म्हणून ते क्वचितच होते.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. वडील गोविंदराव यांनी लोकांच्या सांगण्यावरून त्यांना मराठी शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावले. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोघांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण पुन्हा सुरू झाले. शाळा सुटते म्हणजे काय होते, हे त्यांना असे स्वानुभवाने कळले होते. १८४८ मध्ये भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. या कार्याबद्दल १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने त्यांचा सत्कार केला. विशेष हे की, आपल्या शाळांच्या परीक्षा त्यांनी चार भिंतींआड घेतल्या नाहीत. पुण्यातील लोकांसमोर मुलींची जाहीर परीक्षा होई. समाजाच्या वर्गणीवर चालणाऱ्या शाळेने समाजाला फळ दाखविले पाहिजे, हा दंडक त्यांनी प्रथम स्वतःस लावून घेतला.

१८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ही रक्कम गरिबांच्या शिक्षणावर खर्चावी, असे म्हणून त्यांनी विरोध केला. सरकारनियुक्त सभासदाने असे करणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेले निवेदन हा या विचाराचा परिपाक होय. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो; मग तो वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर का खर्च व्हावा, असा त्यांचा मूलभूत आक्षेप होता. लोकल फंडाचा निम्मा वाटा केवळ प्राथमिक शिक्षणाला मिळावा, प्रशिक्षित शिक्षकाला किमान बारा रुपये आणि मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये वेतन असावे, शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातील असावेत म्हणजे ते गावकऱ्यांत मिसळतील, अशा त्यांच्या मागण्या होत्या. तपासणीबाबतही ते तितकेच स्पष्ट होते. डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एक भेट निरुपयोगी आहे. तपासणी निदान दर तिमाहीस आणि प्रसंगी पूर्वसूचनेवाचून व्हावी, असे त्यांनी सुचविले.

परंतु निकालानुसार अनुदान देण्याच्या पद्धतीला मात्र त्यांनी गोरगरिबांपुरता विरोध केला. १८६२ पासून इंग्लंडात विद्यार्थ्यांची हजेरी व परीक्षेतील यश पाहून शाळांना पैसे देण्याची पद्धत रूढ होती. तिचे अनुकरण इकडेही झाले. ज्या समाजात शिक्षणाची गोडीच अद्याप निर्माण झालेली नाही, तेथे निकालावर पोट भरणारा शिक्षक शाळा काढावयास जाणारच नाही. म्हणून ती गोडी लागेपर्यंत सरकारी शाळा व विशेष उत्तेजन अपरिहार्य आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आयोगाने निकालाचे तत्त्व साधारणतः मान्य केले, पण मागासलेल्या भागांतील शाळांना त्यातून सवलत असावी, असेही नमूद केले. पुढे लॉर्ड कर्झनच्या काळात ही पद्धत मागे पडली. इंग्लंडनेही ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोडून दिली, कारण शिक्षक शिकविण्याऐवजी परीक्षकासाठी घोकंपट्टी करवून घेऊ लागले होते.

त्या वेळी चांदा जिल्हा मध्यप्रांतात होता. जोतीरावांची साक्ष त्याविषयी नव्हती. तथापि त्या साक्षीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८२ मध्ये, चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा जणू त्यांच्या युक्तिवादाचे उदाहरण म्हणून उभा आहे. भामरागड, एटापल्लीकडील मूल घरी माडिया बोलते आणि शाळेत मराठी पुस्तक उघडते. सिरोंच्याकडे घरची भाषा तेलुगू असते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत आला आहे. एकच शिक्षक अनेक वर्ग सांभाळीत असेल, तर त्याच्या शाळेचा आणि नागपूरच्या शाळेचा निकाल एकाच तक्त्यात मांडून कोणाचे मोजमाप होते? मुलाचे, शिक्षकाचे की शासनाच्या उपेक्षेचे?

याचा अर्थ मोजमाप नकोच, असा नाही. मोजमाप नाकारणे म्हणजे जोतीरावांनाच नाकारणे होय. वनातील मुलाला चौथीत वाचता येत नसेल, तर ते झाकून ठेवण्यात त्याचे कोणतेही हित नाही. परंतु उत्तरदायित्वाची साखळी खालच्या कडीपाशी संपत नाही. शिक्षकाने मुलाच्या प्रगतीचा जाब द्यावा. अधिकाऱ्याने न केलेल्या तपासणीचा द्यावा. आणि शासनाने रिक्त पदांचा, स्थानिक भाषा जाणणाऱ्या शिक्षकांच्या उणिवेचा व अपुऱ्या निधीचा द्यावा. निकाल कमी आला किंवा पट घटला म्हणून शाळाच बंद करणे, हा तर जाब चुकविण्याचा सोपा मार्ग आहे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची त्यांची मागणी देशाने कायद्याने पूर्ण केली, ती २०१० मध्ये. जाब प्रथम सत्तेने द्यावा, ही त्यांची दुसरी मागणी अद्याप अपुरीच आहे.