कुरणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक

बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना शिक्षणाचा विषय निघाला की सयाजीराव महाराज आठवतात. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ज्या मुलाला सकाळी गुरे घेऊन रानात जायचे असते, त्याने शाळेत यायचे कसे? कायदा झाला म्हणून गुरे गोठ्यात उपाशी ठेवता येत नाहीत. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आयुष्याची शेवटची जवळजवळ तीस वर्षे घालवली, त्या पद्मभूषण ताराबाई मोडक यांची ओळख आज करून घेऊ. त्यांच्या कामाचा पाया आपल्या गुजरातेत घातला गेला, हेही आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे, त्यामुळे मुलीने शिकण्याला घरातून आडकाठी नव्हती. १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या. पुढे संसार टिकला नाही आणि लहान मुलीला घेऊन त्यांना स्वतःच्या पायावर उभे राहावे लागले. राजकोटच्या स्त्री अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य म्हणून त्या काठेवाडात आल्या.

मुलीला कसे शिकवावे, ही काळजी त्यांना होतीच. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. तिथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. मुले हाताने कामे करत, गोष्टी ऐकत, बाहेर हिंडत. ते वाचून-ऐकून ताराबाई चांगली नोकरी सोडून भावनगरला गेल्या आणि सुमारे नऊ वर्षे तिथे राहिल्या. गुजराती त्यांनी आपलीशी केली, गिजुभाईंबरोबर शिक्षणपत्रिकेचे काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्यातही त्या होत्या. पुढे मुंबईला परतल्यावर त्यांनी शिक्षणपत्रिका मराठीत आणली आणि दादरला शिशुविहार उभे केले.

इतके काम कुणालाही पुरेसे वाटले असते. ताराबाईंना मात्र एक गोष्ट खटकत होती. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग, आणि ती वापरणारी मुले सुखवस्तू घरांतली. खेड्यातल्या गरिबाच्या मुलापर्यंत यातले काय पोचत होते? १९४५ च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला जाऊन राहिल्या. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि शेवटपर्यंत राहिल्या.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण मुले येईनात. तेव्हा शाळा मुलांच्या अंगणात नेली. वस्तीवर जायचे, अंगण झाडायचे, मुलांचे हातपाय धुवायचे आणि तिथेच बसून गाणी, गोष्टी, खेळ घ्यायचे. विकतची साधने बाजूला पडली आणि त्यांची जागा शिंपल्यांनी, बियांनी, खड्यांनी, पानाफुलांनी घेतली. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सारे त्यातून शिकवता येत होते, आणि पैसा लागत नव्हता.

काही वर्षांनी काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. अंतर थोडे, पण मुलूख वेगळा. बोर्डीला समुद्र, सरूची झाडे, भरती-ओहोटी. कोसबाडला टेकडी, गवत, साग, मोह, पळस, आणि वारल्यांचे पाडे. किनाऱ्यावरच्या मुलाला शिंपला ओळखीचा, तर टेकडीवरच्याला मोहाचे फूल. पण थोडी मोठी झालेली वारली मुले दिवसभर गुरांमागे असत. मग शिक्षकच कुरणात जाऊ लागले. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरे. हीच त्यांची कुरणशाळा.

या शाळेचे मोल नीट समजून घेण्यासारखे आहे. शहरातले मूल पुस्तकात वाचते की वनस्पती आणि प्राणी एकमेकांवर अवलंबून असतात. गुराख्याच्या पोराला ते रोज दिसते. गाय चालू लागली की गवतातले किडे उडतात आणि ते टिपायला गायबगळा तिच्या पायाशी असतो. मोहाची फुले रात्री फुलतात, वटवाघळे त्यांच्यावर येतात, पहाटे खाली सडा पडतो आणि तो वेचायला घरची बायामाणसे टोपल्या घेऊन निघतात. सुगरणीला घरट्यासाठी लांब पात्याचे गवत लागते आणि ते टांगायला शिंदी-ताडासारखे झाड. गवत गेले किंवा झाड तोडले, तर सुगरण तिथे राहत नाही. हे ज्ञान मुलाकडे असतेच. शाळेने त्याला अडाणी ठरवले, तर ते गप्प बसते. ताराबाईंनी त्याच्या ओळखीच्या झाडा-पाखरांपासून सुरुवात केली आणि तिथून त्याला अक्षरांकडे, आकड्यांकडे नेले.

हे सोपे नव्हते. दारिद्र्य आणि उपासमार पाड्यांना चिकटलेली होती. पोट रिकामे असेल तर पाठ कसला, हे त्यांना पदोपदी दिसत होते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छत्राखाली आणणारी विकासवाडी त्यांनी उभी केली. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी थांबणारी बहीण त्यामुळे त्याला घेऊनच शाळेत येऊ शकली. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. अनुताईंनी पुढे कोसबाडचे काम चालू ठेवले.

आज देशभर अंगणवाडी हा शब्द घरोघर झाला आहे. कुरणशाळा मात्र फारशी कुणाला आठवत नाही, आणि आम्हाला आज गरज तिचीच वाटते. आपल्या शहराचे नाव वडावरून आले, पण आपल्या किती मुलांनी वडाच्या फळावर तुटून पडलेली पाखरे थांबून पाहिली आहेत? विश्वामित्रीत मगरी आहेत, हे मुलांना ठाऊक असते. पुराच्या बातम्यांत त्या दिसतात, तेव्हा मुले घाबरतात. पण मगरीला उन्हात पडायला आणि अंडी घालायला मातीचा काठ लागतो, तो काठ बांधून काढला तर तिने जायचे कुठे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

ताराबाईंचे स्मरण करायचे तर येत्या सुट्टीत मुलांना घेऊन एखाद्या जुन्या वडाखाली तासभर बसू या. वही नको, प्रश्नपत्रिका नको. वर कोण येते, काय खाते, कुठे जाते, एवढेच पाहायचे. सांगायचे काम मुलांकडे द्यावे आणि आपण मोठ्यांनी ऐकावे.